जून ते सप्टेंबर बंद

संपादकांना लेख हवा होता जुन्या रेडिओंवर. त्यासाठी लॅमिंग्टन रोडवरची चार दुकानं पालथी घातली. चौघांनीही गिरगावातल्या एकाच माणसाचा पत्ता दिला. चाळीतला दुसरा मजला चढून गेल्यावर कळलं, की त्या माणसानं रेडिओ दुरुस्त करणं कधीच सोडलंय. "आता फक्त माइक. तेही व्हॉल्व्हवाले. तुम्हाला रेडिओच हवा असेल तर चहा घ्या आणि निघा."

चहा घेतला, पण निघालो नाही. टेबलावर पिवळ्या फडक्यावर एक राखाडी-रुपेरी नळकांडं आडवं ठेवलं होतं, वर चकचकीत जाळी. नॉयमान यू४७. ती खोली सोडून निघायला मला पुढचे तीन शनिवार जमलं नाही.

त्या माणसाचं, म्हणजे काकांचं, नाव इथे नाही, कारण ती त्यांची अट होती. "छापलंत तर लोक कराओकेचे माइक घेऊन जिना चढतील."

इतिहास भरभर सांगतो, तो कुठेही सापडेल. गेओर्ग नॉयमान यांनी १९२८ मध्ये बर्लिनमध्ये कंपनी काढली. १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात कारखान्याचं नुकसान झालं, तेव्हा सगळं बस्तान थुरिंजियातल्या गेफेल गावी हललं. युद्ध संपल्यावर गेफेल रशियनांच्या बाजूला गेलं आणि नॉयमान पश्चिम बर्लिनमध्ये नव्याने उभे राहिले. मधल्या काळात, १९४७ मध्ये, याच गृहस्थांनी निकेल-कॅडमियमचा संपूर्ण बंद सेल जमवून दाखवला. म्हणजे पुढे आपल्या घराघरांत आलेल्या रिचार्जेबल सेलच्या पूर्वजांतही त्यांचा हात आहे. १९४९ मध्ये यू४७ आला. परदेशात तो टेलिफुंकेनच्या नावाने विकला गेला. फ्रँक सिनात्रा त्यावर गायले, त्याच्या यू४८ या भावंडावर बीटल्स गायले. ही नावं घेतली की काका सरळ जांभई देतात. त्यांच्या टेबलावर सगळे माइक रोगी म्हणूनच येतात.

यातला रोग समजायला आत डोकवावं लागतं. जुने रेडिओ मेकॅनिक कपॅसिटरला अजूनही कंडेन्सरच म्हणतात, त्यामुळे त्यांना 'कंडेन्सर माइक' समजावून सांगावा लागत नाही. हा माइक म्हणजेच एक कंडेन्सर. एका बाजूला सोन्याचा मुलामा दिलेला, मायक्रॉनमध्ये मोजावा असा पातळ पडदा, आणि त्याच्या मागे केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर पितळी चकती. दोन्हींमध्ये पन्नास-साठ व्होल्ट. आवाजाने पडदा हलला की अंतर बदलतं आणि व्होल्टेज हलतं. कॅप्सूल म्हणतात ते हेच. गंमत अशी की या कंडेन्सरची क्षमता जेमतेम ऐंशी पिकोफॅरड. एवढासा चार्ज टिकवायचा तर त्याला निसटायला वाट मिळता कामा नये, म्हणून पुढचा रेझिस्टर साठ मेगाओहमचा. साठ मेगाओहम म्हणजे जवळजवळ वाट नाहीच. त्या मानाने बोटाचा एक तेलकट ठसा म्हणजे हमरस्ता.

"म्हणून पहिला नियम," काका म्हणाले, "बोट दाखवायचं, लावायचं नाही."

आता व्हीएफ१४. मी ज्याच्यासाठी परत परत गेलो तो हा व्हॉल्व्ह. काचेचा नाही, काळपट पोलादी डबीतला. माइकसाठी तो बनलाच नव्हता. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या, एसी-डीसी दोन्हींवर चालणाऱ्या स्वस्त रेडिओंसाठी टेलिफुंकेनने तो काढला. असल्या रेडिओंत सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर माळेसारखे एकापुढे एक जोडतात, म्हणून त्याचा हीटर तब्बल ५५ व्होल्टचा. नॉयमानच्या लोकांनी तो उचलला, पेंटोडचा ट्रायोड करून जोडला, आणि हीटरला ५५ ऐवजी फक्त ३६च्या आसपास व्होल्ट दिले. त्यामुळे तो कमी सूं-सूं करतो आणि टिकतो फार. काका त्याला 'अर्धपोटी' म्हणतात. कारखान्यात आलेल्या ढिगातून शांत व्हॉल्व्ह निवडायचे आणि त्यांच्यावर 'एम' हे अक्षर उमटवायचं, अशी पद्धत होती.

बरं, हे ३६ व्होल्ट आणायचे कुठून? बाहेरच्या सप्लायमधून माइकला एकच १०५ व्होल्टची तार येते. उरलेले सुमारे ७० व्होल्ट माइकच्या पोटातच एका जाड तारेच्या, १७८० ओहमच्या रेझिस्टरवर जाळून टाकायचे. हिशेब केला तर व्हॉल्व्ह धरून चारेक वॉट नुसती उष्णता. तासाभरात यू४७चं अंग कोमट होतं. मी हात लावून पाहिला. ताप उतरत आलेल्या मुलाच्या कपाळासारखा होता. कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात अशी उधळपट्टी कुणी पास करणार नाही. मला मात्र त्या जुगाडाचं कौतुक वाटत राहिलं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात या कोमटपणाचा उपयोगही होतो.

टेबलावरच्या माइकची तक्रार पावसाळ्याचीच होती. जुलै लागला की मालकाच्या स्टुडिओत तो फट्‌ फट्‌ करायचा, मध्येच तेलात पाण्याचा थेंब पडावा तसा चर्रर्र. मालकाच्या मते व्हॉल्व्ह गेला होता. "सगळ्यांचा व्हॉल्व्हच जातो," काका म्हणाले. त्यांनी माइक उघडलाच नाही. सप्लाय बंद केला, दहा मिनिटं थांबले, मग केबल काढली. चालू सप्लायवर केबल कधीच काढायची-लावायची नाही. दुसरी केबल लावली. खरखर तीच. मग सप्लाय तपासला, तोही माइक जोडलेला असतानाच, कारण बिनलोडचा सप्लाय भलतेच व्होल्ट दाखवतो. ११२ निघाले. तो काळ २२० व्होल्टचा, आपल्या भिंतीतून २३०-२४० येतात, मग अर्धपोटीचं पथ्य मोडतं. ते त्यांनी जागेवर आणलं. खरखर तीच.

तिसऱ्या शनिवारी माइक उघडला. कॅप्सूल अलगद सोडवून काचेच्या बरणीत उलटी ठेवली, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या. तिच्या जागी ऐंशी पिकोफॅरडचा एक साधा, चांगल्या प्रतीचा कंडेन्सर टाचला. जाळी परत चढवली, नाहीतर आख्ख्या गिरगावचा हम ऐकू आला असता. पंधरा मिनिटं आम्ही दोघं हेडफोनची एकेक बाजू कानाला लावून बसलो. बारीक सूं-सूं, बाकी शांतता. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष, रेझिस्टर निर्दोष. पाणी मुरत होतं ते कॅप्सूलमध्येच.

इथून पुढे गोष्ट सोपी असायला हवी होती.

कॅप्सूल दोन दिवस बरणीत सुकली. परत जोडल्यावर माइक गप्प. सोमवारी मालक घेऊन गेले, गुरुवारी मुसळधार पडला, शुक्रवारी फोन. मालक रात्री एसी बंद करतात. भिंतीतली ओल रात्रभर आत शिरते, सकाळी गार केलेल्या खोलीतून माइक बाहेर काढला की चष्म्यावर येते तशी वाफ आत धरते, आणि पडद्यावर वर्षानुवर्षांची थुंकी, सिगरेटचा धूर, जाळीआडच्या कुजलेल्या स्पंजचा भुगा असेल तर ती ओल त्यात मुरून वीज झिरपायला लागते. औषध ठाऊक आहे. डिस्टिल्ड वॉटर, सेबल केसांचा मऊ कुंचला, आणि न थरथरणारा हात.

पण पडदा एम७ नावाच्या जुन्या कॅप्सूलचा आहे. पीव्हीसीचा. नंतरच्या कॅप्सूलना मायलरचा पडदा आला, तो दीर्घायुषी. पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य मात्र वर्षानुवर्षं उडून जातं. पडदा ताणला जातो, कडक होतो, सोनं भेगाळतं. काकांनी मला भिंगातून दाखवलं: कडेच्या स्क्रूंजवळ उन्हाळ्यातल्या तळ्याच्या गाळासारख्या बारीक रेघा. "कुंचला टेकवला आणि फाटला तर?" एम७ गेफेलमध्ये अजून बनतो. नवा पडदा बसवून देणारे कारागीर परदेशात आहेत. मग आवाज तोच राहील का, यावर लोक भांडत बसतात. मला त्यातलं फारसं कळत नाही. कळतं ते एवढंच, की मालकानं ज्या आवाजासाठी पैसे मोजले तो याच भेगाळलेल्या पडद्याचा आहे.

व्हॉल्व्हचं तर आणखी अवघड. व्हीएफ१४ बनायचा बंद झाला तो १९५०चं दशक संपता संपता, यू४७ त्यानंतर काही वर्षांतच गेला. १९६०च्या यू६७ मध्ये नॉयमानने ईएफ८६ घातला, जो रेडिओ-अँप्लिफायरवाल्यांना सर्रास मिळायचा. त्या शहाणपणाचं फळ असं, की २०१८ मध्ये कंपनीने यू६७ पुन्हा बाजारात आणला. यू४७च्या नशिबी ते नाही. आज चांगला व्हीएफ१४ घ्यायचा तर तेवढ्यात एक उत्तम नवा माइक येतो. बदली म्हणून नुव्हिस्टर नावाचा अंगठ्याच्या नखाएवढा व्हॉल्व्ह बसवतात, पण त्याची भूक वेगळी, त्यामुळे आतलं वायरिंगही फिरवावं लागतं. काकांकडे टिनच्या डबीत कापसात गुंडाळलेले दोन व्हीएफ१४ आहेत. एकावर 'एम' आहे. "अक्षर कुणीही कोरू शकतो," ते म्हणाले. जोडून का पाहत नाही, विचारलं. "पाहिला आणि खराब निघाला, तर माझ्याकडे एकच उरला हे कळेल."

हाताखाली मुलगा आहे का, हेही विचारलं. दोन आले होते. एकाला चालू माइकची केबल ओढायची सवय होती. दुसरा चांगला होता, तो आता टीव्हीच्या शोरूममध्ये आहे, पगार वेळेवर मिळतो.

शेवटच्या शनिवारी मालक स्वतः आले. शर्ट भिजलेला, माइक प्लास्टिकच्या पिशवीत. काकांनी पिशवी पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पडद्याला मी हात लावणार नाही. माइक घट्ट डब्यात, सिलिका जेल दर पंधरवड्याला भाजून घ्यायचं, वापरण्याआधी दोन तास सप्लाय चालू, आणि पावसाळ्यात दुसरा माइक.

"म्हणजे चार महिने हा नुसता ठेवून देऊ?" मालक चिडले. "गणपतीच्या गाण्यांचं काम आहे माझं!"

"गणपतीला माझ्याकडचा घेऊन जा. हा दिवाळीनंतर."

मालकांनी घड्याळ पाहिलं, बाहेरचा पाऊस पाहिला आणि माइक डब्यात ठेवून डबा पुढे सरकवला. काकांनी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा फाडला, बॉलपेन तीनदा झटकलं आणि डब्यावर चिकटवून लिहिलं: जून ते सप्टेंबर बंद.