विहिरींचा नकाशा

नववीच्या मुलांना समोच्च रेषा पाठ असतात. रेषा दाटल्या की चढ उभा, विरळ झाल्या की सपाट. परीक्षेला एवढं पुरतं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या एका शाळेचे भूगोलाचे सर मात्र या रेषा जमिनीखालच्या पाण्यासाठी काढायला लावतात. त्यांच्या विद्यार्थ्यांबरोबर मी विहिरी हिंडलो.

टेपला वजन बांधून सोडायचा, पाणी लागलं की आकडा वाचायचा, कठड्याची उंची वजा करायची. त्याआधी मालकाला विचारायचं, मोटार कधी बंद केली? शेतीची वीज रात्रीची असली तर सकाळी पातळी खाली गेलेली असते. काठांची उंची हायड्रोमार्करने, म्हणजे पाणी भरलेल्या नळीने, टप्प्याटप्प्याने. हे काम फार कंटाळवाणं. निम्मी मुलं इथेच सावली शोधतात.

खरी मजा वर्गात. टेकाडावरच्या विहिरीत पाणी 9 मीटरवर, नाल्याकाठी 4 मीटरवर. मग वर कुठलं पाणी? नाल्याकाठचं, सगळे ओरडले. एक मुलगी वजाबाकी करत होती. टेकाडाचा काठ नाल्याकाठच्यापेक्षा 12 मीटर उंच, म्हणजे तिथलं पाणी उलट 7 मीटर वर! दोन्ही हात हवेत धरून, एक तळहात जमीन आणि एक पाणी, असं तिने दाखवलं तेव्हा कुठे इतरांना पटलं. फळ्यावरच्या आकृतीने हे झालं नसतं, असं मला वाटतं.

विहिरीच्या भिंतीही वाचायच्या असतात. वर मुरूम, खाली मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण, मध्येच तांबडा पट्टा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर इथे जवळजवळ आडवे आहेत. तांबडा पट्टा एका विहिरीत खोल, दुसरीत उथळ; काठांची उंची हिशेबात धरली की दोन्ही एकाच पातळीवर येतात. हे मुलांनी स्वतः जुळवलं.

नकाशावर एक जागा मात्र जुळेना. शेजारशेजारच्या दोन विहिरींत पातळीचा फरक अवाच्या सवा. टेप पुन्हा सोडला, आकडा तोच. मग विहीर खणणाऱ्या एका आजोबांनी सांगितलं, मधून काळ्या दगडाची उभी भिंत जाते, सुरुंगालाही दाद देत नाही. साक्रीत अशा भिंती कितीतरी. जमिनीवर त्या लांबच लांब कण्यांसारख्या दिसतात. एका गटाने रेषा भिंतीपाशी तोडल्या, दुसऱ्याने वळवून पलीकडे नेल्या. सरांनी निकाल दिला नाही. दोन्ही नकाशे फळ्याशेजारी लावले आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना आणखी कुणाच्या विहिरी आहेत, त्यांची यादी करायला सांगितली.