नवे क्रीडांगण: संघाचा जमाखर्च आणि प्रेक्षकाची सोय

एखाद्या नगरात नवे क्रीडांगण उभे राहिले म्हणजे त्याचे वर्णन बहुधा आकड्यांत केले जाते. आसने किती, दिव्यांचे खांब किती उंच, खर्च किती, याची चर्चा होते. परंतु क्रीडांगण ही नुसती वास्तू नव्हे. तो एक व्यवहार आहे. त्यात तीन पक्ष असतात: जागेचा धनी, तेथे खेळणारा संघ आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक. या तिघांचे हित एकच असते असे आपण गृहीत धरतो. ते कितपत खरे आहे, हे लखनौच्या उदाहरणावरून पाहण्याजोगे आहे.

लखनौचे क्रिकेटशी नाते जुने आहे. ऑक्टोबर 1952 मध्ये गोमतीकाठच्या विद्यापीठाच्या मैदानावर, तागाच्या चटईवर झालेल्या सामन्यात पाकिस्तानने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. पुढे हे सामने हजरतगंजाजवळच्या स्टेडियमवर होऊ लागले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचे नेतृत्व करणारे के. डी. सिंग ऊर्फ 'बाबू' यांचे नाव या स्टेडियमला आहे. जानेवारी 1994 मध्ये श्रीलंकेविरुद्ध सचिन तेंडुलकरांनी 142 धावा केल्या त्या येथेच. त्यानंतर मात्र 24 वर्षे भारतीय संघ या शहरात आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही. शहराच्या दक्षिणेस, शहीद पथालगत, सुमारे 50 हजार प्रेक्षकांचे एकाना स्टेडियम 2017 मध्ये सुरू झाले आणि 6 नोव्हेंबर 2018 रोजी रोहित शर्मांच्या नाबाद 111 धावांनी तेथील पहिला आंतरराष्ट्रीय सामना गाजला. स्टेडियमला याच सुमारास अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव देण्यात आले.

येथे एक वेगळेपण ध्यानात घेतले पाहिजे. सामान्यतः आधी संघ असतो, त्याचे चाहते वाढतात आणि मग जुने मैदान अपुरे पडू लागते. लखनौत घर आधी बांधले गेले. राहणारा पुढे आला. नोव्हेंबर 2019 मध्ये तर अफगाणिस्तानच्या संघाने आपले यजमानपद याच मैदानावर पार पाडले. रिकाम्या क्रीडांगणाचाही खर्च थांबत नसतो. हिरवळीला पाणी लागते, यंत्रे चालू ठेवावी लागतात, पहारेकऱ्यांना पगार द्यावा लागतो. उत्पन्न मात्र सामन्याच्या दिवसापुरतेच. शासकीय प्राधिकरण आणि खाजगी कंपनी यांच्या भागीदारीतून उभारलेल्या या वास्तूला एका नित्य भाडेकरूची गरज होती.

तो ऑक्टोबर 2021 मध्ये लाभला. इंडियन प्रीमियर लीगमधील लखनौच्या संघाचा हक्क गोएंका उद्योगसमूहाने 7,090 कोटी रुपयांना घेतला. पण कोविडच्या साथीमुळे 2022 च्या स्पर्धेतील साखळी सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथेच झाले. त्यामुळे लखनौचा हा संघ लखनौकरांआधी महाराष्ट्राने पाहिला. घरच्या मैदानावर तो पहिल्यांदा उतरला 1 एप्रिल 2023 रोजी, दिल्लीविरुद्ध.

आता संघाच्या जमाखर्चाकडे वळू. या स्पर्धेच्या 2023 ते 2027 या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क 48,390 कोटी रुपयांना विकले गेले, म्हणजे सामन्यामागे सुमारे 118 कोटी. त्यातून प्रत्येक संघाला वाटा मिळतो. दुसरी मिळकत जाहिरातदारांची आणि तिसरी तिकिटांची. तिकिटाची सरासरी किंमत हजार रुपये आहे आणि सर्व 50 हजार आसने विकली गेली, असे केवळ हिशेबापुरते मानू. एका सामन्याचे पाच कोटी झाले. घरचे सामने सात धरल्यास पस्तीस कोटी. रक्कम लहान नाही, परंतु प्रक्षेपणाच्या पैशापुढे ती दुय्यम आहे. संघ भाडेकरू असल्याने बांधकामाचे कर्ज त्याच्या डोक्यावर नाही. तसेच उरलेल्या दिवसांत क्रीडांगणातून होणारी कमाईही त्याची नाही.

इंग्लंडमधील आर्सेनल या फुटबॉल क्लबचा मार्ग याच्या उलट होता. 2006 मध्ये सुमारे 38 हजारांचे हायबरी सोडून तो 60 हजारांच्या स्वतःच्या नव्या स्टेडियमवर गेला. तिकिटांचे उत्पन्न वाढले, परंतु कर्जफेडीच्या ओझ्यामुळे पुढे कित्येक वर्षे खेळाडूंच्या खरेदीत त्याला हात आखडता घ्यावा लागला.

आपल्या मुंबईचा धडा आणखी निराळा. ब्रेबोर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. सामन्याच्या जागांच्या वाटपावरून क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांचे बिनसले आणि शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम उभे राहिले. जानेवारी 1975 मध्ये तेथे पहिली कसोटी झाली. ब्रेबोर्नवर 1973 नंतर कसोटी सामना झाला तो थेट 2009 मध्ये! वादाचे मूळ बांधकामात नव्हते. कोणाला किती जागा मिळाव्यात, या प्रश्नात होते.

हाच प्रश्न आपल्याला प्रेक्षकापाशी आणून सोडतो. आसने बांधता येतात, निष्ठा बांधता येत नाही. एप्रिल 2024 मध्ये चेन्नईचा संघ महेंद्रसिंग धोनीसह लखनौला आला, तेव्हा यजमानांच्याच प्रेक्षागारात पिवळा रंग पसरला. यात लखनौकरांचा दोष नाही. दोन-तीन वर्षांच्या संघाला पिढ्यांची माया कोठून मिळणार? आणि ती वाढायची, तर साध्या माणसाला मैदानापर्यंत सुखाने पोहोचता आले पाहिजे. जुन्या स्टेडियमच्या नावाचे मेट्रो स्थानक आहे. एकानापर्यंत मेट्रो जात नाही. सामना संपून रात्री हजारो माणसे एकदम बाहेर पडतात, त्या वेळी ज्याच्यापाशी वाहन नाही त्याची परीक्षा होते. निसर्गाचेही भान हवे. 17 डिसेंबर 2025 रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिका यांचा सामना दाट धुक्यामुळे एकही चेंडू न टाकता रद्द करावा लागला. उत्तरेतील डिसेंबरची रात्र कशी असते, हे लखनौच्या कोणत्याही रहिवाशाने सांगितले असते.

सारांश असा की, प्रक्षेपणाच्या पैशावर चालणाऱ्या संघाला प्रेक्षक पैशासाठी फारसा लागत नाही, आणि खरा धोका नेमका येथेच आहे. ज्याच्यावाचून जमाखर्च अडत नाही त्याची सोय पाहण्याचा विसर सहज पडतो. क्रीडांगणाला शासनाचा हात लागलेला असतो, तेव्हा ही आठवण ठेवण्याचे काम शासनाचेच ठरते. काही आसने कायम स्वस्त दरात राखून ठेवावीत, सामन्याच्या रात्री बसगाड्या उशिरापर्यंत चालवाव्यात आणि उरलेल्या दिवसांपैकी काही दिवस शहरातील मुलांना त्या हिरवळीवर खेळू द्यावे. या तिन्ही गोष्टींना खर्च थोडा येतो. पण त्यांतूनच पुढच्या पिढीचा प्रेक्षक घडतो, आणि मग प्रेक्षागारातला रंग आपोआप बदलतो.