भाकीत आणि 'फोरकास्ट'

परवा वर्गात एक इंग्रजी उतारा भाषांतराला दिला होता. त्यात 'प्रॉफेसी', 'प्रेडिक्शन' आणि 'फोरकास्ट' असे तीन शब्द होते. एका हुशार मुलाने तिघांनाही एकाच दावणीला बांधले: 'भविष्य'! तांबडी पेन्सिल उचलली खरी, पण मग वाटले, या बिचाऱ्याला एकट्याला दोष का द्यावा? हीच गल्लत एका मोठ्या माणसाला फार महाग पडली आहे.

'प्रॉफेट' म्हणजे मूळ ग्रीकात देवाच्या वतीने बोलणारा. त्याच्याजवळ पुरावा मागायचा नसतो. रोमन 'ऑगर' पक्ष्यांच्या उड्डाणावरून शकुन पाही. 'इनॉग्युरेशन' हा शब्द त्याच्याच घरचा. (मुहूर्त पाहून उद्घाटन करणाऱ्या आपण हसण्याचे कारण नाही!) 'प्रेडिक्ट' म्हणजे आधी सांगणे. ग्रहण असे सांगता येते, अगदी मिनिटापर्यंत. भूकंपाचा दिवस, जागा आणि जोर मात्र अजून कोणाला आधी सांगता आलेला नाही. अमुक प्रदेशात पुढल्या तीस वर्षांत मोठ्या धक्क्याचा संभव किती, एवढेच शास्त्रज्ञ सांगतात आणि त्याला ते 'फोरकास्ट' म्हणतात.

हा शब्द पूर्वी आगाऊ बेत आखणे या अर्थी होता. त्याला हवामानखात्यात आणले रॉबर्ट फिट्झरॉय यांनी. डार्विनला घेऊन जगप्रवास करणाऱ्या 'बीगल' जहाजाचे हेच कप्तान. 1859 च्या ऑक्टोबरात 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटले आणि सुमारे साडेचारशे माणसे बुडाली. फिट्झरॉयनी तारायंत्राने ठिकठिकाणची हवा कळवून घ्यायला सुरुवात केली आणि ऑगस्ट 1861 पासून लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांचे अंदाज छापून येऊ लागले. 1863 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी बजावले, की ही भाकिते नव्हेत. गणित मांडून बनवलेले हे मत आहे. 'फोरकास्ट' शब्द त्यांनी मुद्दाम निवडला, तो कमी दावा करतो म्हणून.

पण वाचणाऱ्यांनी तो भविष्यासारखाच वाचला! अंदाज चुकला की वर्तमानपत्रांत थट्टा होई आणि विद्वान म्हणत, यात शास्त्र कुठे आहे? कर्ज, आजार, खिन्नता यांत ही टीकाही मिळाली. एप्रिल 1865 मध्ये फिट्झरॉयनी आत्महत्या केली. पुढच्याच वर्षी चौकशी समितीने त्यांचे अंदाज बंद करविले. वादळाचे इशारेही थांबले. पण जहाजवाल्यांनी ओरड केली, तेव्हा 1867 मध्ये ते पुन्हा सुरू झाले. ज्यांचा जीव समुद्रावर होता, त्यांना अंदाज आणि भविष्य यांतला फरक कोणी शिकवावा लागला नव्हता.

वर्तमानपत्रांतले अंदाज परतायला मात्र 1879 उजाडले. 2002 मध्ये ब्रिटिश हवामानखात्याने स्पेनजवळच्या एका सागरी विभागाला 'फिट्झरॉय' हे नाव दिले. खलाशांसाठीच्या अंदाजात आता ते नाव वाचले जाते.

त्या मुलाच्या वहीत मी 'भविष्य' खोडून 'अंदाज' लिहिले आणि अर्धा गुण दिला.