लेंटचे चाळीस दिवस : घरोघरी बसणाऱ्या वाचनगटात नेमकं चालतं काय?

गडमुडशिंगी (ता. करवीर) : फेब्रुवारी-मार्च आला की ख्रिस्ती घरांमध्ये संध्याकाळी आठच्या सुमाराला चपलांची रांग दिसू लागते. आतून गाण्याचा आवाज येतो, मग बराच वेळ शांतता, मग बोलणं. शेजारी विचारतात, "तुमच्यात पण सप्ताह असतो का?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. हे लेंटचे दिवस, म्हणजे उपवासकाळ. गडमुडशिंगी, उचगाव, सरनोबतवाडी या पट्ट्यातून रविवारी कोल्हापूरला चर्चला जाणारी माणसं आहेत, पण त्यांच्या घरी आठवड्यातून एकदा जे वाचन बसतं त्याबद्दल गावात फारशी माहिती नसते.

आधी तारखांचा घोळ सोडवू. नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला. ईस्टर मात्र दरवर्षी हलतो, आणि तो हलतो चंद्रावर. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडू शकतो. आपल्याकडच्या माणसाला हे समजायला अवघड नाही, कारण जोतिबाची चैत्र यात्राही पौर्णिमेवरच ठरते. २०२६ मध्ये चैत्र पौर्णिमा २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला. उलट २०२७ मध्ये ईस्टर होळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी, २८ मार्चला, म्हणजे गुढीपाडव्याच्याही आधी.

ईस्टरच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार येतो आणि उपवासकाळ सुरू होतो. मग चाळीस दिवस कसे? मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा, आनंदाचा दिवस. ४६ मधून सहा गेले, राहिले चाळीस. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपास केला, त्याची ही आठवण.

उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी नव्हे, हेही सांगायला हवं. रोमन कॅथलिक मंडळींत राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे उपासाचे, आणि उपवासकाळातले शुक्रवार मटण-चिकन वर्ज्य करण्याचे. प्रोटेस्टंट मंडळींत सक्ती नाही, ज्याचं त्यानं ठरवायचं. कुणी एक वेळचं जेवण सोडतं, कुणी चाळीस दिवस तांबडा-पांढरा सोडतं (कोल्हापुरात याला त्याग म्हणायलाच हवं!), कुणी मोबाईल बाजूला ठेवतं. वाचलेले पैसे डब्यात टाकून गरजूला द्यायचे, ही जुनी पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे.

आता वाचनगट. दहा-पंधरा माणसं एका घरी जमतात, पुढच्या आठवड्याला दुसऱ्या घरी. एक गीत, छोटी प्रार्थना, मग पवित्र शास्त्रातला एक उतारा मोठ्याने वाचायचा आणि त्यावर बोलायचं. बरेच गट एकच शुभवर्तमान घेतात. मार्कचे अध्याय १६ आहेत, आठवड्याला तीन घेतले की ईस्टरपर्यंत पुस्तक संपतं. झावळ्यांच्या रविवारनंतरच्या आठवड्यात दुःखसहनाचा भाग वाचतात, आणि उत्तम शुक्रवारी क्रूसावरच्या सात उद्गारांवर चिंतन होतं. गंमत अशी की हे सातही उद्गार एकाच पुस्तकात मिळत नाहीत. तीन लूकमध्ये, तीन योहानात, आणि एक मत्तय व मार्क या दोघांत. चारही शुभवर्तमानं शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हा दिवस नीट कळत नाही, म्हणून आधीचे पाच-सहा आठवडे उपयोगी पडतात.

गटात काय घडतं ते एका उदाहरणावरून सांगतो. मत्तयच्या २० व्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट आहे. मालक पहाटे मजूर ठरवतो, पुन्हा नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला. संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. ही गोष्ट चर्चमध्ये ऐकली की माणूस मान डोलावतो आणि घरी जातो. पण जिथे भांगलणीला जाणारी बाई, गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कंत्राटावर असलेला पोरगा आणि चार माणसं कामाला लावणारा शेतकरी एकाच सतरंजीवर बसलेत, तिथे ती तशी सरळ जाणार नाही. "हा अन्यायच की!" असं कुणीतरी म्हणणारच. मग कुणाचं तरी लक्ष पाचला आलेल्यांच्या उत्तराकडे जातं. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असं विचारल्यावर ते सांगतात की आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. नाक्यावर उभं राहून काम न मिळता परत आलेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. इथे पाळकापेक्षा त्या माणसाला जास्त कळलेलं असतं, आणि ते बोलायला मिळावं यासाठीच गट असतो. जिथे एकच जण तासभर बोलतो आणि बाकीचे "आमेन" म्हणतात, त्याला माझ्या मते अभ्यासगट म्हणू नये. तो दुसरा संदेश झाला.

आपल्या भागात ही वाचनाची परंपरा जुनी आहे. अमेरिकी मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, वाइल्डर मेमोरियल चर्चला त्यांचंच नाव आहे. त्या काळी घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या 'बायबलबाई' असत. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांच्यासाठी ऐकणं हेच वाचन होतं. खुद्द प्रेस्बिटेरियन पद्धतीत उपवासकाळाला पूर्वी फारसं स्थान नव्हतं, तो अँग्लिकन आणि कॅथलिक मंडळी जास्त पाळत. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि पुढे या पद्धती एकमेकींत मिसळत गेल्या.

मराठीत तर याची मुळं आणखी खोल. गोव्यात १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं, आणि ते लोकांत मोठ्यानं वाचलं जाई. नारायण वामन टिळकांच्या हाती १८९३ मध्ये नवा करार पडला तो रेल्वेच्या प्रवासात, सहप्रवाशाकडून. त्यांनी पुढे अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये आणलं. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं भाषांतर साध्या माणसाला, विशेषतः बायकांना कळावं यासाठीच होतं. ते काम संपवून त्या एप्रिल १९२२ मध्ये गेल्या.

अडचण आहे ती आता, आणि ती उपासाची नाही. इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी घडाघडा बोलतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात. पाळी आली की वही पुढे सरकवतात. शिवाय पवित्र शास्त्राची भाषा जुन्या वळणाची, त्यामुळे आजीला पाठ असलेलं वचन नातवाला परकं वाटतं. काहीजण मोबाईलवर रोमन अक्षरांत मराठी वचनं फिरवतात. आश्चर्य वाटायला नको, 'ख्रिस्तपुराण'ही रोमन लिपीतच छापलं होतं! पण वाचता न येणारं पोर गटात गप्प बसतं, आणि गप्प बसलेलं पोर पुढच्या वर्षी येत नाही. आजी आहेत तोवर गट मराठीत चालेल. नंतरचं सांगता येत नाही.

उपाय साधेच आहेत. मुलांना एकेकच वचन वाचायला द्यावं, चुकलं तर मोठ्यांनी लगेच दुरुस्त करू नये. अवघड शब्द आजीला विचारावा, म्हणजे दोघंही बोलती होतात. दहावी-बारावीच्या परीक्षा नेमक्या याच दिवसांत येतात, तेव्हा त्या घरी गट ठेवू नये. साखर कारखान्याचा हंगामही चालू असतो, पाळीवर जाणाऱ्यांसाठी वार बदलावा लागतो. आणि चहा शेवटी द्यावा. आधी दिला की गप्पा रंगतात आणि मार्क तसाच राहतो.

२०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे. घरी गट ठेवायचा असेल तर जानेवारीतच पाळकांना वार कळवलेला बरा.