ॲशेसच्या पंचांगाने

ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’ हा व्हिडिओ गेम आला २००६ च्या नोव्हेंबरात, ऑस्ट्रेलियातली ॲशेस सुरू होण्याच्या बेतात. त्याला आता वीस वर्षं होतील. आपल्या क्रिकेट-गेमच्या मालिकेतला पुढचा गेम ईएने काढलाच नाही.

त्याआधीच्या २०००, २००२, २००४, २००५ या आवृत्त्यांबद्दल मला फारसं प्रेम नाही. आकडा बदलायचा, बाकी बेताचंच. खरी गंमत ईएने हात झटकल्यावरची, म्हणजे २००७ ते २०१६ च्या आसपासची. ‘०७’मध्ये भारतीय संघाचे हक्क नव्हते, त्यामुळे आपल्या खेळाडूंच्या नावांची मोडतोड केलेली. पोरांनी आधी ती नावं दुरुस्त केली. मग २००८ साली आयपीएल सुरू झाली, तेव्हा गेमला तिचा पत्ताही नव्हता. तरी काही महिन्यांत काउंटी संघांवर मुंबई, चेन्नईचे रंग चढले. नवे किट, चेहरे, बॅटवरचे स्टिकर, स्टेडियम, स्कोअरपट्टी, सगळं कॉलेजातली मुलं रात्री जागून, फुकट बनवत होती आणि ते पेनड्राइव्हवरून होस्टेलभर फिरत होतं. गेममधले समालोचक रिची बेनॉ २०१५ मध्ये गेले. आमच्या खोल्यांत त्यांचं समालोचन पुढेही चालूच राहिलं.

‘भारतात विकत कोण घेतो, सगळे कॉपी मारतात’ हे तेव्हा फार ऐकवलं जायचं. मारत होतो, नाकारत नाही. पण कोडमास्टर्सने २००७ मध्ये ब्रायन लाराच्या नावाचा गेम इथे युवराज सिंगच्या नावाने विकला, तो काही धर्मादाय म्हणून नव्हे. बाजार दिसत होता. नाव आमचं लावलं, वेळापत्रक मात्र त्यांचंच राहिलं.

ते वेळापत्रक ओळखायला ज्योतिषी लागत नाही. ॲशेस किंवा विश्वचषक, दोनच मुहूर्त. ‘ॲशेस क्रिकेट २०१३’ने इंग्लंडमधली मालिका चुकवली, नोव्हेंबरात घाईने आला आणि इतका मोडका होता की काही दिवसांतच स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून काढून घ्यावा लागला. मेलबर्नच्या बिग ॲन्ट या कंपनीने २०१४ मध्ये ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट’ आणून जरा अब्रू राखली. पण पंचांग तेच: २०१७ ला ॲशेस, ‘क्रिकेट १९’ला विश्वचषक, ‘क्रिकेट २२’ला पुन्हा ॲशेस. त्या वेळी ऑस्ट्रेलियाचा कर्णधार टिम पेन पायउतार झाला, म्हणून मुखपृष्ठ बदलावं लागलं आणि गेम आठवडाभर लांबला. ‘२४’ विश्वचषकाच्या तोंडावर, ‘२६’ परत ॲशेसला.

तारीख मालिका ठरवते, गेम शिजलाय की नाही हे नाही. म्हणून पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणारा माणूस फुकटचा टेस्टर होतो. पॅच येत राहतात, गेम सुधारतो, आणि जरा रंगात येईस्तोवर सगळं लक्ष पुढच्या आकड्याकडे वळलेलं असतं. भारतीय संघाचे अधिकृत चेहरे आजही नाहीत. ते खेळणारेच गेममधल्या ‘ॲकॅडमी’ या विभागात घडवतात. मेहनत पूर्वीसारखीच फुकट, फक्त आता ती पेनड्राइव्हवर नसते, कंपनीच्या सर्व्हरवर असते. या नव्या व्यवस्थेला ‘सपोर्ट’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुढची ॲशेस २०२७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये आहे, त्याच वर्षअखेरीस प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक. नवा गेम यातल्या एका मुहूर्तावर येईल असं धरून चाला. घ्यायचाच असेल, तर निदान दोन-तीन पॅच पडू द्या.