शीत मरुभूमीतील घर आणि बाग

घर बांधून देणे हा एक व्यवसाय आणि बाग लावून देणे हा दुसरा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. घर गवंड्याचे व सुताराचे, बाग माळ्याची. आणि घर पुरे झाल्यावर गाठीला चार पैसे उरले, तरच बागेचा विचार. पुणे असो वा इंदूर, नागपूर असो वा बडोदे, या क्रमात कोणालाही काही वावगे वाटत नाही. परंतु आपल्याच देशात एक प्रदेश असा आहे, की जेथे हा क्रम चालत नाही. तेथे बागेतून घर उभे राहते आणि घराच्या आधाराने बाग जगते. तो प्रदेश म्हणजे लडाख.

लेह हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेले आहे. हिमालयाच्या रांगा पावसाळी ढगांना दक्षिणेकडेच अडवून धरतात. त्यामुळे पाऊस आणि हिम मिळून वर्षाकाठी तेथे सुमारे १०० मिलिमीटर पाणी पडते. मुंबईत आषाढातल्या एखाद्या दिवशी याहून अधिक पाऊस कोसळतो. हिवाळ्यात रात्रीचे तापमान शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरते. आकाश मात्र वर्षातील बहुतेक दिवस निरभ्र असते. पाणी थोडे, सरपण थोडे, पण ऊन विपुल, असे हे तिथले भांडवल आहे. अशा ठिकाणी घरे व बागा आखून देण्याचा लहानसा व्यवसाय करणाऱ्याने काय जाणले पाहिजे, हे आपण पाहू. पाण्याचा हिशेब ज्यांना करावा लागतो, त्या सर्व वाचकांना त्यात स्वतःच्या उपयोगाचे काही सापडेल.

प्रथम घर. लडाखी घराच्या भिंती उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या असतात. छपराला पॉप्लर वृक्षाच्या सरळ सोटांच्या तुळया, त्यांवर विलोच्या फोकांचा दाट थर, त्यावर गवत, आणि सर्वांत वर मातीचा जाड लेप. सोलापूर-मराठवाड्याकडील वाचकांना आपल्या माळवदाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. आता हे पॉप्लर आणि विलो येतात कोठून? त्या उघड्या डोंगरांवर अरण्य नाही. ते येतात घराजवळच्या पाटांच्या कडेने माणसांनी हाताने लावलेल्या बागांतून. आज लावलेला पॉप्लर पुढे कित्येक वर्षांनी नातवंडांच्या घराची तुळई होतो. विलोचा पाला गुरांना चारा म्हणून उपयोगी पडतो. म्हणूनच तेथे घराचा आराखडा काढणाऱ्याला त्याच कागदावर झाडांच्याही जागा दाखवाव्या लागतात.

या जागा सूर्य ठरवतो. लेह सुमारे ३४ अक्षांशावर आहे. डिसेंबराच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर येतो, तर जूनमध्ये तो सुमारे ७९ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेकडे मोठ्या खिडक्या ठेवल्या, तर थंडीत ऊन खोलीच्या आतवर पोहोचते आणि उन्हाळ्यात छपराची पुढे काढलेली कड त्याला बाहेरच थोपवते. दक्षिणेच्या जाड भिंतीला काळा रंग देऊन तिच्यापुढे काच बसवण्याचीही एक रीत आहे. फेलिक्स ट्रॉम्ब या फ्रेंच अभियंत्याच्या नावाने ती ओळखली जाते. दिवसा तापलेली भिंत रात्री सावकाश ऊब सोडते. अशा घराच्या दक्षिणेला उंच झाडे लावणे म्हणजे पेटत्या चुलीत पाणी ओतण्यासारखेच होय. झाडांची जागा उत्तरेला व वाऱ्याच्या बाजूला. दक्षिणेचे अंगण मोकळे ठेवून तेथे हरितगृह उभारावे : तीन बाजूंना मातीच्या भिंती व दक्षिणेला प्लॅस्टिकचे आवरण. बाहेर बर्फ असताना आत पालकाची हिरवी पाने खुडता येतात.

आता पाणी. बर्फ वितळून येणारे पाणी लडाखी गावांत ‘युरा’ नावाच्या पाटांनी फिरते आणि ‘झिंग’ नावाच्या तळ्यांत साठते. कोणाच्या शेताला कधी पाणी द्यायचे, हे ‘चुरपोन’ पाहतो. आपल्याकडील पाटकऱ्याचा हा हिमालयातील भाऊच म्हणावा. अडचण अशी, की पेरणीच्या वेळी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, उंचावरचे बर्फ अद्याप पुरेसे वितळलेले नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी हिवाळ्यात वाया जाणारे पाणी गावाजवळच गोठवून ठेवण्याची युक्ती चेवांग नोर्फेल या अभियंत्यांनी योजली. त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली.

पाण्याची अशी टंचाई असताना ग्राहक येतो आणि म्हणतो, “पाहुण्यांसाठी हिरवळ हवी.” १९७४ मध्ये लडाख पर्यटकांना खुले झाले आणि लेहमध्ये अतिथिगृहे वाढत गेली. त्यांच्या मालकांची ही मागणी समजण्यासारखी आहे. पण हिशेब करून पाहा. १०० चौरस मीटर हिरवळीला दररोज अवघे ५ मिलिमीटर पाणी द्यायचे, तरी ५०० लिटर लागतात. त्याच जागेवर वर्षभरात आकाशातून पडते सुमारे १०,००० लिटर. म्हणजे निसर्गाने दिलेली वर्षाची शिधा ती हिरवळ २० दिवसांत संपवते. उरलेल्या दिवसांचे पाणी शेजाऱ्याच्या पाटातून किंवा जमिनीच्या पोटातूनच येणार.

येथे व्यावसायिकाची खरी कसोटी लागते. हिरवळ अंथरून देण्यात आज कमाई आहे. नकार दिला, तर ग्राहक दुसऱ्याकडे जाईल ही भीतीही खरी आहे. तथापि नुसता नकार देऊ नये. हिशेबाचा कागद आणि दुसरा आराखडा एकदमच पुढे ठेवावा. जर्दाळू व सफरचंद यांची चार झाडे, कुंपणाला काटेरी सी-बकथॉर्न, भिंतीशी रानगुलाब, पायवाटेला नदीतील गोटे, आणि न्हाणीघरातून निघणारे पाणी गाळून झाडांच्या आळ्यांत. वसंतात जर्दाळू फुलला, की पाहुणे हिरवळीची आठवणही काढणार नाहीत.

मातीच्या बाबतीतही असाच प्रामाणिकपणा हवा. २०१० च्या ऑगस्टमध्ये, ५ तारखेच्या रात्री, लेह परिसरात ढगफुटी झाली. दोनशेहून अधिक माणसे दगावली आणि मातीची अनेक घरे वाहून गेली. तेव्हापासून ज्याला सिमेंट सुरक्षित वाटते, त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु सिमेंटची पातळ भिंत थंडी रोखत नाही आणि ते घाटरस्त्यांनी दुरून आणावे लागते. म्हणून आराखडा काढणाऱ्याने आधी जागा पाहावी : ओढ्याच्या जुन्या वाटेवर घर नको, मग ते कशाचेही असो. जोते दगडाचे व उंच असावे, छपराची कड भिंतीपुढे यावी. आणि मातीच्या छपराची डागडुजी वेळोवेळी करावी लागेल, हे ग्राहकाला आरंभीच सांगावे.

राहिला पैशाचा प्रश्न. कामाचे दिवस साधारणतः मे ते सप्टेंबर. विटा पाडणे, भिंत चढवणे, गिलावा करणे, सर्व काही गोठण आरंभण्यापूर्वी उरकावे लागते. ओल्या गिलाव्यात दव गोठले, तर तो सुटून येतो. पाच महिन्यांच्या मिळकतीवर बारा महिने काढायचे असल्याने कामे थोडी घ्यावीत आणि मोबदला पाया, भिंत, छप्पर अशा टप्प्यांनी घ्यावा. हिवाळा रिकामा समजू नये. दारेखिडक्या घडवणे, आराखडे काढणे, ग्राहकांशी निवांत बोलणे ही कामे तेव्हाची. वसंतात स्वतःच्या रोपवाटिकेतील पॉप्लर-विलोच्या कांड्या व जर्दाळूची कलमे विकता येतात. गवंडी व सुतार यांचा समावेश २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत आहे. तारण न ठेवता पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. अवजारांसाठी व पहिल्या हंगामासाठी ते मोलाचे ठरेल.

वाचकहो, आपले घर लेहमध्ये नसेल. परंतु उन्हाची दिशा, पाण्याचे माप आणि जवळची सामग्री या तीन गोष्टी प्रत्येक घराला लागू आहेत. पुढल्या वेळी अंगणात काही लावण्याआधी एक कागद घ्या. त्यावर सूर्याची वाट काढा, आठवड्याला किती घागरी पाणी देता येईल ते लिहा, आणि मगच रोप निवडा.