विश्लेषण : दोन हातांची तलवार ताकदीने चालायची की मापाने? सहाशे वर्षांपूर्वीचा इटालियन ग्रंथ काय सांगतो?

चित्रपटांत आणि व्हिडीओ गेममध्ये मध्ययुगीन युरोपातले सरदार घण घातल्यासारखी तलवार चालवतात. पाती आदळतात, ठिणग्या उडतात आणि दोघे वीर पाती तशीच रेटत, डोळे वटारून एकमेकांना संवाद ऐकवतात. प्रत्यक्षात पाती भिडण्याचा तो क्षण म्हणजे लढतीचा निकाल लागण्याचा क्षण. त्या क्षणी काय करायचे, याचे सचित्र शास्त्र इटलीत सहाशे वर्षांपूर्वी लिहिले गेले.

हे शास्त्र लिहिले कोणी?

ईशान्य इटलीतल्या फ्रिउली भागातला फिओरे देई लिबेरी हा पेशाने शस्त्रविद्येचा उस्ताद. त्याचा ‘फिओर दी बात्ताल्या’, म्हणजे ‘लढाईचे फूल’, हा ग्रंथ १४१० च्या आसपासचा. तो फेराराचा मार्की निकोलो तिसरा द’एस्ते याला अर्पण केलेला आहे. आज त्याच्या चार हस्तलिखित प्रती ज्ञात आहेत. एक लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात, एक न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, एक पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि एक खासगी संग्रहात.

फिओरेने हे घरबसल्या लिहिलेले नाही. आपली विद्या इतर उस्तादांना द्यायला नकार दिल्यामुळे पाच वेळा धारदार तलवारीने लढावे लागले, असे तो प्रस्तावनेत सांगतो. अंगात चिलखत नाही, फक्त कापडी अंगरखा आणि चामडी हातमोजे. तिथेच तो एक हिशेब मांडतो. चिलखत घातलेला माणूस बरेच घाव खाऊनही जिंकू शकतो. बिनचिलखताच्या लढतीत एकच बचाव चुकला तरी मरण येते. पुढचा सगळा ग्रंथ या वाक्याच्या उजेडात वाचायला हवा.

तलवार किती जड?

फार नाही. ‘स्पादा आ दुए मानी’ म्हणजे दोन हातांनी धरायची तलवार. या घाटाच्या जुन्या तलवारी साधारण दीड किलोच्या आसपास भरतात. तिची मूठ लांब असते आणि दोन हात एकमेकांपासून थोडे अंतर ठेवून धरले की तरफ तयार होते. मागचा हात जरासा हलला की टोक बरेच फिरते. मनगटातल्या ताकदीपेक्षा हे यंत्रशास्त्र महत्त्वाचे.

फिओरेने त्याचे एक चित्रही काढून ठेवले आहे. मध्ये उस्ताद, त्याच्या अंगावर रोखलेल्या सात तलवारी आणि चार बाजूंना चार प्राणी. उजवी-डावीकडे बाण घेतलेला वाघ म्हणजे वेग आणि काळीज हातात धरलेला सिंह म्हणजे धाडस. पायाखाली पाठीवर मनोरा वाहणारा हत्ती म्हणजे पक्की बैठक. डोक्याशी मात्र लिंक्स, म्हणजे रानमांजराच्या कुळातला तीक्ष्ण नजरेचा प्राणी, आणि त्याच्या पंजात चक्क कंपास! अंतराचे माप आणि सावधपणा सर्वांत वर. इंजिनीअरिंग ड्रॉइंगचा पेपर दिलेल्या कोणालाही हा प्राणी आवडेल.

पवित्रे आणि वार कोणते?

कुस्तीत किंवा लाठीत ज्याला आपण पवित्रा म्हणतो, त्याला फिओरे ‘पोस्ता’ म्हणतो. दोन हातांच्या तलवारीचे असे बारा आहेत. ‘पोस्ता दी दोन्ना’ (स्त्रीचा पवित्रा) यात तलवार खांद्यामागे असते आणि तिथून सगळे वार करता येतात. ‘पोर्ता दी फेर्रो’ (लोखंडी दरवाजा) यात टोक खाली असते. ‘देन्ते दी झेंगियारो’ (रानडुकराचा सुळा) हा खालून तिरका वर उसळणारा. ‘पोस्ता लोंगा’ यात हात लांबवून टोक प्रतिस्पर्ध्याच्या तोंडासमोर धरलेले. पवित्रा म्हणजे पुतळ्यासारखे उभे राहणे नव्हे. एका पवित्र्यातून दुसऱ्यात जाताना जे घडते तोच वार किंवा बचाव.

चित्रातल्या सात तलवारी म्हणजे सात वार. वरून खाली येणारे दोन ‘फेंदेंते’, खालून वर जाणारे दोन ‘सोत्तानो’, आडवे दोन ‘मेझ्झानो’ आणि सातवी ‘पुंता’, म्हणजे भोसकणे. फेंदेंतेचा मार्गही ठरलेला आहे : दातांपासून गुडघ्यापर्यंत. सोत्तानो त्याच रेषेने उलटा वर जातो. उगाच हवेत फिरवलेली तलवार यात कुठेच बसत नाही.

पाती भिडल्यावर काय?

इथे खरा ग्रंथ सुरू होतो. पाती एकमेकांवर येण्याला ‘इंक्रोसारे’ म्हणतात. ती कुठे भिडली हा पहिला प्रश्न. मुठीजवळ पाते भक्कम, कारण तिथे तरफेचा भुज आखूड. टोकाकडे ते लुळे पडते. टोकाजवळ भिडली तर कोणालाच दुसऱ्याचे पाते दाबून धरता येत नाही. फिओरेचा सल्ला : तिथे थांबू नका, तलवार दुसऱ्या बाजूने फिरवून तोंडावर किंवा छातीवर जा. मध्यावर भिडली तर लगेच हातांवर वार करा किंवा प्रतिस्पर्ध्याचे पाते पकडा. एका डावात तर तो जांघेत सरळ लाथ घालायला सांगतो. शूर सरदारांच्या शिष्टाचाराच्या गोष्टी इथे संपतात!

या डावांना ‘झोगो लार्गो’ म्हणजे ऐसपैस खेळ असे नाव आहे. दोघे आणखी आत शिरले की ‘झोगो स्ट्रेट्टो’, म्हणजे जवळचा खेळ. त्यात मुठीच्या मागच्या गोळ्याने तोंड फोडणे, मनगट धरणे, तलवार हिसकावून घेणे. त्यामुळेच फिओरे सुरुवात तलवारीने न करता कुस्ती आणि कट्यारीने करतो. अंगाशी भिडल्यावर तलवारबाजाला पैलवानाचेच हात लागतात.

सगळ्यात समजण्यासारखा डाव म्हणजे ‘कोल्पो दी विल्लानो’, अर्थात गावंढ्याचा घाव. समोरचा अंगातली सगळी ताकद लावून डोक्यावर वार करतो. तो ताकदीने अडवायचा नाही. डावा पाय पुढे ठेवून, पाय फार न फाकवता थांबायचे. वार आला की डावा पाय डावीकडे टाकून रेषेतून बाहेर व्हायचे, उजवा तिरका मागोमाग न्यायचा आणि घाव आपल्या पात्याच्या मध्यावर घ्यायचा. त्याची तलवार घसरून जमिनीकडे जाते, तोवर आपली डोक्यावर किंवा हातांवर आलेली असते. समोरच्याची ताकदच त्याला नडते.

चित्रे वाचायची कशी?

कुस्तीत डावाला तोड असते, तशी इथे ‘रिमेदिओ’. तोड दाखवणाऱ्या उस्तादाच्या डोक्यावर मुकुट असतो. ती तोड पुढे खेळणाऱ्या शिष्याच्या गुडघ्याखाली पट्टा असतो. तोडीला तोड म्हणजे ‘कोंत्रारिओ’. ती करणाऱ्याला मुकुट आणि पट्टा दोन्ही. गेटीच्या प्रतीत या खुणांना सोन्याचा मुलामाही आहे. एकदा ही सूची कळली की कोण वरचढ आहे हे मजकूर न वाचताही दिसते.

मग आज हे कोणाला येते?

अडचण अशी, की मध्ये गुरु-शिष्यांची साखळी तुटली. १४८० च्या दशकात फिलिप्पो वादी याने उर्बिनोच्या ड्यूकसाठी याच वळणाचा ग्रंथ लिहिला, तलवारबाजी भूमितीची लेक असल्यासारखी मांडली आणि तलवार उभी धरली की मूठ काखेपर्यंत यावी असे मापही दिले. पण ती शिकवणारा हात आजपर्यंत पोचला नाही. फिओरेचे प्रत्येक चित्र म्हणजे थांबवलेल्या व्हिडीओची एक फ्रेम. तिच्या आधीचे आणि नंतरचे पाऊल अभ्यासकांना स्वतः करून शोधावे लागते. लार्गो आणि स्ट्रेट्टो यांतला फरक अंतराचा की पाती भिडल्यावरच्या स्थितीचा, यावर अजून वाद आहे.

गेटीच्या प्रतीची छायाचित्रे इंटरनेटवर मोफत आहेत. युरोप-अमेरिकेत ती समोर ठेवून, बोथट पोलादी तलवार आणि जाळीचा मुखवटा घेऊन सराव करणारे क्लब आहेत. स्पर्धाही होतात. जांघेतली लाथ मात्र तिथल्या नियमांत बसत नाही.